रडत न्हाई, भांडतंय

भामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीच्या निबंधाच्या वह्या तपासत बसले होते. फोन गयाचा होता, भामाच्या धाकट्या बहिणीचा. "शैलाताई, आक्का गेली," एवढंच म्हणाली आणि थांबली. तिच्याकडचा पंखा खडखड वाजत होता, तो मला ऐकू येत होता. मग तीच म्हणाली, "सकाळी डाळिंबाचा रस घेतला. पाऊण ग्लास. म्हनली, जरा पडते." मी लाल पेनाला टोपण लावलं, वह्यांचा गठ्ठा नीट केला, आणि मुख्याध्यापकांना सांगून रिक्षानं नगरच्या सावेडीत भामाच्या घरी गेले. आजारपण आठ महिन्यांचं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येत नाही. पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की एका हातात मी अजून कुठल्यातरी मुलीची निबंधाची वही घट्ट धरून बसले आहे.

दुपारपासून मोबाईलवर संदेश यायला लागले. 'संघर्षाचा सूर हरपला.' 'उसाच्या फडात उमललेलं फूल कोमेजलं.' एकानं तर तिच्या डाव्या हाताचा फोटो टाकून खाली हात जोडले होते. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण याच शब्दांशी भामा तीस वर्षं भांडली, आणि आता ती भांडायला नाही म्हणताच ते सगळे एकदम घरात शिरले. त्याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. मग वाटलं, मी नाही लिहिलं तर कुणीतरी फूल कोमेजल्याचंच लिहील. म्हणून पहिल्यांदा हे लिहून ठेवते: सत्यभामा गर्जे व्हायोलिनवादक होती. उत्तम होती. बाकीचं सगळं त्याच्या नंतर.

माझे वडील श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं मेंदीचं कुंपण आणि कुंपणापलीकडं मोकळं रान. दिवाळी झाली की त्या रानात आठ दिवसांत एक गाव उभं राहायचं. शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, बांबू आणि पाचटाच्या कोप्या बांधायच्या, आणि ऊन तापायला लागलं की ते गाव पुन्हा नाहीसं व्हायचं. भामा त्या गावातली. मूळची बोधेगावच्या पुढच्या एका वस्तीवरची. कारखान्याच्या शाळेत ती दर वर्षी वर्ष अर्धं झाल्यावर यायची आणि परीक्षेच्या आधी जायची. तिसरीत वर्गाच्या बाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं. अंगात मोठ्या माणसाचा सदरा, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, आणि पाढे माझ्यापेक्षा पक्के.

माझ्या वडिलांना व्हायोलिनचं वेड होतं. स्वतःला शिकता आलं नाही म्हणून त्यांनी पुण्याहून माझ्यासाठी लहान आकाराचं व्हायोलिन आणलं आणि मला साळवे सरांकडं पाठवायला सुरुवात केली. साळवे सर नगरच्या एका मिशन शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा कारखान्यात फिटर होता, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो, काही वर्षं कॉलनीत राहायला आले होते. सर लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन शिकले. पुढं पुण्यात एका बुजुर्गांकडं शास्त्रीय शिकले आणि उभं राहून वाजवायचं सोडून मांडी घालून वाजवायला लागले. रोज चार वाजता त्यांच्या ओट्यावर माझी शिकवणी. मला सूर कळत नव्हता. पन्नाशी ओलांडल्यावर हे मी सहज लिहिते आहे, पण तेव्हा ते कुणाला पटत नव्हतं, वडिलांना तर मुळीच नाही.

शिकवणी चालू असताना भामा कुंपणाशी येऊन उभी राहायची, कडेवर तान्ही गया. मला वाटायचं, माझं संपायची वाट बघते, खेळायला. एक दिवस सरांनी तिला विचारलं, "काय गं, काय बघतेस रोज?"

"दुसरी तार उतरलीय," ती म्हणाली. "कवाची."

सर माझ्याकडं बघत राहिले. तार त्यांनीच मुद्दाम उतरवून ठेवली होती, मला कळतं का ते बघायला, आणि मी दहा मिनिटं त्या तारेवर मजेत सारेगम घोटत होते. त्यांनी भामाला वर बोलावलं. ती पायरीपाशी अडली. पाय मळलेत म्हणाली. "नळ तिकडं आहे, धुऊन ये," सर म्हणाले. तिनं स्वतःचे पाय धुतले, गयाचेही धुतले, आणि वर आली. सरांनी माझं व्हायोलिन तिच्या हातात दिलं, गज कसा धरायचा ते दाखवलं. पहिला आवाज सगळ्यांचा निघतो तसाच निघाला, दाराची बिजागरी करकरल्यासारखा. भामानं तोंड वाकडं केलं. घाबरून नाही, चिडून.

"ह्ये माझ्यामुळं झालं का त्याच्यामुळं?"

"तुझ्यामुळं."

"मग परत करते."

त्यानंतर माझ्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं तिची झाली, मग अर्धा तास, आणि दुसऱ्या हंगामापर्यंत असं झालं की मी गयाला मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला शेंगा सोलत बसायची आणि आत भामा वाजवायची. माझी सुटका झाली होती, आणि मी ते घरी सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मैत्रिणीला मदत करते.

आम्ही सहावीत असताना हंगामात तिच्या आईला ताप आला आणि भामाला फडात जावं लागलं. उजव्या हातात कोयता, डाव्या मुठीत ऊस... चौथ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी गेली, दोन पेरं. कारखान्याच्या दवाखान्यात टाके घातले. ती पुन्हा येणार नाही असं मी धरूनच चालले होते. आठव्या दिवशी चार वाजता ती ओट्याखाली उभी, हाताला गलेलठ्ठ बँडेज.

"सर, तीन बोटांनी वाजतं का?"

साळवे सरांनी तिचा हात हातात घेऊन ते बँडेज नीट बघितलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ. बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी शिकवणीला गेले तर सरांनी स्वतःची डावी करंगळी धोतराच्या काठाच्या चिंधीनं तळहाताशी बांधून टाकली होती. तीन आठवडे ती तशीच होती. पासष्टीचा माणूस, पन्नास वर्षांची बोटांची सवय, आणि ते पहिल्यापासून सरगम घोटत होते, चुकत होते, स्वतःवर चरफडत होते. बाई म्हणाल्या, "अहो, आंघोळीपुरती तरी सोडा ती चिंधी." सर म्हणाले, "तिला सोडता येणार आहे का?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तीन आठवड्यांनी त्यांनी भामाला समोर बसवलं. "वाजतं," ते म्हणाले. "पण चौघांसारखं वाजणार नाही. जिथं करंगळी पडते तिथं आपण तिसरं बोट सरकवत न्यायचं. सगळ्या जागा नव्यानं शोधाव्या लागतील. दुप्पट वेळ लागेल."

"लागू द्या," भामा म्हणाली.

पुढं ज्या लांबलचक मींडेसाठी लोक तिला मान डोलवून दाद द्यायचे, एका सुरावरून दुसऱ्यावर मध्ये कुठेही न सुटता जाणं, ती त्या ओट्यावर सापडलेली आहे. ती दैवी देणगी नव्हती. करंगळी नव्हती, म्हणून वळसा घेऊन जाण्याचा तो रस्ता होता, आणि तो एका म्हाताऱ्यानं स्वतःचं बोट बांधून आधी चालून बघितला होता.

मी या गोष्टीत फार चांगली नाही, तेही लिहायला हवं. वडील एकदा जेवताना म्हणाले, "ती पोरगी बघ, एक बोट कमी असून कुठं गेली." दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी चार मुलींसमोर भामाला 'तीनबोटी' म्हणाले. ती थांबली, माझा डावा हात धरून तिनं वर केला, बोटं एकेक मोजली आणि म्हणाली, "तुला चार हायेत. मग?" आणि निघून गेली. आठवडाभर बोलली नाही. पुढं तिशीत कधीतरी मी तिची माफी मागितली. ती हसली. "तू बोललीस ते बरं झालं. बाकीचे नुसते बघायचे."

सातवी झाल्यावर सर आणि बाई नगरला आपल्या घरी परत गेले. भामानं तिथं मुलींच्या वसतिगृहात राहावं, शाळा करावी आणि त्यांच्याकडं शिकावं, असं सरांच्या मनात होतं. पण तिच्या वडिलांनी तिचं लग्न जमवायला घेतलं होतं. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुलगी चौदाची झाली की नवीन कोयता तयार, असा तो हिशेब. सर एसटीनं त्यांच्या वस्तीवर जायला निघाले, बरोबर माझे वडील, आणि हट्ट करून मी. दुपारची वेळ होती. किसनमामांनी, म्हणजे भामाच्या वडिलांनी, लिंबाखाली बाज टाकली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"सर, तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "पर ह्यात पोट भरतंय का?"

"सांगता येत नाही," सर म्हणाले.

माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. एवढ्या लांब येऊन हे काय उत्तर... पण त्या उत्तरामुळेच काम झालं, असं मला आता वाटतं. पारूमावशी, भामाची आई, चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती न वळता म्हणाली, "मग उसात भरतंय का?" मग ती उठली, पदराला हात पुसत बाजेपाशी आली. "न्या तिला, सर. पर दयेनं ठिऊ नका. चुकली तर बोला."

माझं व्हायोलिन भामाबरोबर नगरला गेलं. वडिलांनीच दिलं. कुणाचा हात कुठल्या कामाचा आहे, हे त्यांना एव्हाना कळलं असावं.

नगरला ती सहा वर्षं राहिली. रविवारी सरांबरोबर चर्चमध्ये वाजवायची, गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला. दोन्हीकडं कुजबुज झाली. सरांनी तिकडं लक्ष दिलं नाही आणि तिनं कुणाला उत्तर दिलं नाही, फक्त दोन्हीकडं जात राहिली. मग सरच म्हणाले, माझ्याजवळचं संपलं, आता पुण्याला जा. त्यांनी ज्यांचं नाव सांगितलं ते गुरुजी मोठे होते, शिष्य निवडून घेणारे. भामा एकटी गेली. गुरुजींनी तिचा हात बघितला आणि सौम्यपणे सांगितलं, "बाळ, हे चार बोटांचं वाद्य आहे. तू गाणं का शिकत नाहीस?"

"आधी ऐका," भामा म्हणाली. "मग बोटं मोजा."

हे तिनं मला पत्रात लिहिलं होतं. तिनं भीमपलास वाजवला, सरांनी शिकवलेला, दुपारच्या त्या ओट्यावरचा. गुरुजी मध्येच डोळे मिटून बसले. संपल्यावर म्हणाले, "खालच्या निषादावर घाई करतेस. सोमवारी ये." बोटांचा विषय त्यानंतर त्या घरात सात वर्षं निघाला नाही. तिथल्या एका बाईंनी मात्र तिची भाषा सुधारायला घेतली होती. भामानं ऐकून घेतलं, आणि 'हाय' आणि 'न्हाई' तसंच ठेवलं. मला म्हणायची, "सूर सुधारायला आलीय. जीभ बरी हाय माझी."

व्हायोलिन वाजवणाऱ्याचं आयुष्य बाहेरून दिसतं तसं नसतं. पहिली दहा-बारा वर्षं भामा साथीला बसली. कीर्तनात, भावगीतांच्या कार्यक्रमांत, नाट्यसंगीतात, गायकाच्या डाव्या हाताला, माईक हातभर लांब. त्यात तिला कमीपणा वाटत नसे. साथ करायला शिकले म्हणून ऐकायला शिकले, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. पण एका नावाजलेल्या गायकांच्या कार्यक्रमात तिनं घेतलेल्या एका जागेला श्रोत्यांनी दाद दिली, आणि गायकांनी गाता गाताच हातानं तिला 'बस' अशी खूण केली. भामानं वाक्य अर्धवट सोडलं नाही. ते सुरावर आणून पूर्ण केलं, मग थांबली, उरलेला कार्यक्रम चोख साथ केली, आणि विंगेत जाऊन त्यांना वाकून नमस्कार करून सांगितलं, "उद्यापासनं मी येनार न्हाई." पुढचं वर्षभर तिला कुणी बोलावलं नाही. ते वर्ष ती नगरला परत येऊन सावेडीत एका खोलीत राहिली, मुलांना शिकवलं, आणि रोज सहा तास स्वतःसाठी वाजवलं. तिचा पहिला एकल कार्यक्रम मी नगरात शिकवते त्या शाळेच्या हॉलमध्ये झाला. चाळीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी माझ्या धाकानं आलेली. दुसऱ्या कार्यक्रमाला मला कुणाला धाक घालावा लागला नाही.

मग पुणे, सोलापूर, नाशिक, धारवाड, पुढं दोनदा परदेश. ती यादी इथं देत नाही, ती कुठंही मिळेल. मला लिहायचंय ते तिच्या गावच्या जत्रेतल्या कार्यक्रमाबद्दल. वस्तीवरच्या पोरांनी हौसेनं ठरवलं, आपली आक्का वाजवणार. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं, वर सतरंजी. उन्हं कलली होती. समोर गावातली माणसं, काही जण दुसऱ्याच दिवशी टोळीबरोबर निघायचे होते. भामानं पूरिया धनाश्री लावला. सुरुवातीला पोरांनी शिट्ट्या मारल्या, गाणं वाजवा म्हणून ओरडले. ती थांबली नाही, आवाजही वाढवला नाही. हळूहळू गप्प झाले. सगळे नाही, पण बरेच. पारूमावशी माझ्याशेजारी पुढं बसली होती. तिनं मुलीला असं समोर बसून पहिल्यांदाच ऐकलं. कार्यक्रम झाल्यावर भामा खाली उतरून आईजवळ बसली. मावशीनं तिच्या डाव्या हाताचा तळवा आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "लई रडतंय गं तुझं ते."

"रडत न्हाई आई," भामा म्हणाली. "भांडतंय."

मावशीनं जरा विचार केला. "मंग ठीक हाय," म्हणाली.

त्यानंतर समीक्षकांनी तिच्या वादनातल्या 'वेदने'विषयी काहीही लिहिलं, तरी मला ते जत्रेतलं बोलणं आठवतं. तिची मींड जिथं लांबते तिथं नीट ऐकलं तर कळतं, ते हळहळणं नाही. कुणीतरी नाही म्हटलेलं आहे, आणि ती त्या नाहीच्या कडेकडेनं जाऊन पलीकडं पोचते आहे.

निवेदकांशी तिचं कायमचं वाकडं होतं. एका मोठ्या समारोहात सूत्रसंचालकांनी पाच मिनिटं कोयता, कोपी, पाचट आणि तुटलेलं बोट यांवर भरल्या गळ्यानं भाषण केलं. श्रोत्यांतल्या बायकांनी रुमाल काढले. भामा तारा जुळवत ऐकत होती. मग तिनं माईक ओढला. "मी दोन हंगाम ऊस तोडला. चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवतेय. माझी आई मात्र जन्मभर ऊस तोडत होती, तिच्यासाठी कुणी असं भाषण केलं न्हाई. आता वाजवू का?" आयोजकांनी पुन्हा तिला कधी बोलावलं नाही, आणि ते तिला ठाऊक होतं. गाडीत मी तिला म्हणाले, जरा गोड बोलली असतीस तर... ती म्हणाली, "शैले, दया आली की मानसाचे कान बंद होतात."

तिच्या क्लासमधली मेघना नावाची मुलगी, आता चांगली तिशीची आहे, लहानपणी डावी करंगळी दुमडून वाजवायची. भामासारखं. पालकांना ते फार हृद्य वाटायचं, त्यांनी व्हिडिओही काढला होता. भामानं ते बघितलं आणि तिथल्या तिथं पोरीची करंगळी धरून सरळ केली. "तुला हाय ना? वापर. माझ्या साळवे सरांनी बांधली होती ती मला रस्ता शोधून द्यायला. तू कुनाला शोधून देतेस?" मेघना रडली, आणि चार बोटांनी शिकली. आज ती भामापेक्षा द्रुत वाजवते. हे भामाच मला सांगायची, थोडं रागानं आणि बरंचसं ताठ्यात.

साळवे सर तिचं नाव होईपर्यंत होते, हे एक चांगलं झालं. शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं. भामा जाऊन त्यांच्यासमोर वाजवायची आणि ते तिच्या डाव्या हाताकडं बघत बसायचे.

मागल्या उन्हाळ्यात पोटाचा कर्करोग निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं, तिनंही तसंच विचारलं होतं. औषधांनी केस गेले त्याचं तिला काही वाटलं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. तार बोटाखाली आहे की नाही, ते कळेना. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा घाबरलेली बघितली. ती खुर्चीत बसून उजव्या हाताच्या नखानं डाव्या हाताचं एकेक बोट टोचून बघत होती... मग म्हणाली, "कान तर हायेत." दुसऱ्या दिवसापासून ती नजरेनं आणि कानानं बोट ठेवायला शिकली. पन्नाशीच्या पुढं, त्या अवस्थेत, पुन्हा पहिल्यापासून सरगम. गया म्हणायची, आक्का, आता तरी बस कर. ती म्हणायची, बसूनच तर वाजवतेय.

शेवटचा कार्यक्रम तिनं स्वतःच ठरवला, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. पत्रिका नाही, निवेदक नाही. पाठीला भिंतीचा आधार घेऊन ती बसली, डोक्याला सुती रुमाल. मुलतानी लावला. आलाप चालू असताना एका जागी बोट चुकलं. सुरात केसाएवढा फरक, मला तर कळलाही नसता. तिनं गज उचलला. कुणीतरी मायेनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, की राहू दे, पुरे. भामानं हात वर करून टाळ्या थांबवल्या. "चुकलंय," ती म्हणाली. "परत घेते." आणि तिनं तीच जागा परत घेतली. परत चुकलं. परत घेतली. तिसऱ्यांदा ती षड्जावरून निघाली आणि त्या लांब वाटेनं, कुठंही न तुटता, पोचली. त्यानंतर ती अर्धा तास वाजवत होती. मी संगीतातलं फार जाणत नाही, पण तो अर्धा तास कुणालाही तिची कीव करता आली नाही, एवढं मी शपथेवर सांगते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आमचं शेवटचं बोलणं झालं. ती पलंगावर, मी शेजारी संत्रं सोलत. म्हणाली, "तू माझ्यावर लिहिनार, मला म्हाईत हाय. झुंज लिहू नको."

"मग काय लिहू?"

"वाजवत हुती, असं लिही." जरा वेळानं म्हणाली, "आनि रोज वाजवत हुती, असं लिही."

लिहिलं आहे, भामा.

तिच्या सावेडीच्या घरातली पुढची खोली म्हणजे तिचा क्लास. भिंतीला लागून सतरंजी, कोपऱ्यात व्हायोलिनच्या पेट्या, आणि रस्त्याकडं उघडणारी एक मोठी खिडकी. ही खिडकी ती रियाजाला कधीही लावत नसे. उन्हाळा असो की थंडी, आधी खिडकी सताड उघडायची, मग तारा जुळवायच्या. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांची वर्षानुवर्षं तक्रार होती, सोसायटीच्या सभेतही विषय निघाला होता. भामा म्हणायची, "मी लपून वाजवनार न्हाई."

दिवस झाल्यावर गयानं मला विचारलं, क्लासच्या मुलांना काय सांगू. मेघना तिथंच होती. ती म्हणाली, शनिवारी या म्हणून सांग. आता मेघना शिकवते आणि शनिवारी मी कुलूप उघडायला आणि चहा करायला जाते. या महिन्यात चार नवीन मुली आल्या आहेत, त्यांना अजून गजही धड धरता येत नाही. गेल्या शनिवारी त्या चौघी एकदम सा लावत होत्या. चार वेगवेगळे सा, एकही जागेवर नाही, सगळ्या गल्लीला ऐकू जातील असे. पाचेक मिनिटांनी दारात काका उभे राहिले. मी बाहेर गेले.

"त्या गेल्या, फार वाईट झालं," काका म्हणाले. आतून पुन्हा चौघींनी गज ओढले. ते जरा थांबले. "त्यांचं वाजवणं वेगळं होतं हो."

"होतं," मी म्हणाले.

"खिडकी तेवढी लावून घ्याल का?"

"नाही," मी म्हणाले, आणि आत जाऊन चहा टाकला.